एकशे तीस लिटर

१० ऑगस्ट, रविवार

जगातल्या तमाम पंपांच्या नळ्या माझ्या गाडीच्या झाकणापर्यंत पोचायला बरोबर एक वीत कमी पडतात. या अन्यायाची नोंद कुठेतरी व्हायला हवी, म्हणून इथे करते. झाकण डावीकडे, पंप नेहमी उजवीकडे. आज लोणावळ्यात पंचेचाळीस मिनिटं रांगेत. पुढे-मागे धबधब्यात भिजून आलेली कुटुंबं, सीटवर प्लास्टिक, काचेवर चिक्कीचे हात. नंबर लागला आणि नळी पोचेना. पुढे घ्या, मागे घ्या, नाहीतर वळवून आणा. वळवून आणली, ती पुन्हा रांगेच्या शेपटाला!

हेही सोसलं असतं. पण नळी लावता लावता पंपावरचा माणूस खिडकीशी वाकला. "मॅडम, तुम्ही त्या दोरीवाल्या ना?"

तेरा महिने झाले. तेरा!

पुन्हा एकदा लिहून ठेवते. राग शिळा होऊ नये. गेल्या वर्षी जुलैत, स्पितीच्या वाटेवर, कुंझुम खिंडीच्या तीन किलोमीटर अलीकडे माझी गाडी बंद पडली. डिझेल संपलं. मनालीत टाकी काठोकाठ भरली होती. पावती अजून पाकिटात आहे. शाई उडायला लागली म्हणून झेरॉक्सही काढून ठेवलीय. मी सगळ्यांसमोर विचारलं, "माझं डिझेल गेलं कुठे?" तर राजेंद्र म्हणाला, "मॅडम भरायला विसरल्या असतील." हसून! राजेंद्र म्हणजे आमच्या फोर बाय फोर ग्रुपचा म्होरक्या, आमच्याच सोसायटीतला, वीस वर्षांचा मित्र. मग दोरी. दावं लावून बाजाराला निघालेल्या म्हशीसारखी माझी गाडी त्याच्या गाडीमागे. ग्रुपमधल्या पप्पूने व्हिडिओ काढला, "दोरीवाल्या मॅडम" हे नावही त्यानेच ठेवलं. तळेगाव ते लोणावळा, ज्याच्याकडे फोन आहे त्याने तो पाहिलाय.

आणि म्होरक्याच्या टपावरचा वीस लिटरचा कॅन? रिकामा! मी स्वतः हलवून बघितला. रिकामा कॅन डोक्यावर मिरवत हिमालयात निघालेला माणूस मला डिझेल शिकवणार!

त्या कॅनवर मी आमच्या तळेगावच्या साप्ताहिकात तीन लेख लिहिले. नाव घातलं नाही. गरज नव्हती. तिसऱ्या लेखानंतर तळेगाव स्टेशनाच्या रिक्षा स्टँडवर लोक त्याला "कॅनशेठ" म्हणायला लागले, असं ऐकलं. समाधान झालं. पुरेसं नाही.

११ ऑगस्ट

ठरलं. टाकी मोठी करायची. साठ लिटरच्या जागी एकशे तीस.

ग्रुप वीस सप्टेंबरला लडाखला निघतोय. राजेंद्रने लिहिलंय, "एका टप्प्यात साडेतीनशे किलोमीटर पंप नाही. आपापली सोय करावी." आपापली! वाचताना तो माझ्याकडे बघतोय असं वाटलं. करते सोय. त्याच टप्प्यात कधीतरी त्याचा काटा तळाला जाईल. मी मागून येईन, काच खाली करीन…

वाक्य अजून ठरलेलं नाही.

१६ ऑगस्ट

खोकं आलं. परदेशी बनावटीची टाकी, काळी, जाड पत्र्याची. चौघांनी उचलून पार्किंगमध्ये ठेवली. वॉचमन म्हणाला, "मॅडम, सोसायटीला पाणी कमी पडतंय का?" तळमजल्यावरच्या आक्काबाईंनी बोट लावून बघितलं. "यात पापड मावतील."

प्रदीप फॅक्टरीतून आला, टाकीभोवती एक फेरी मारली. नवरा कमी बोलतो, ते बरंच आहे, कारण बोलतो ते असं: "टाकी एकशे तीसची. राग किती लिटरचा?"

मी खोक्याचे पुठ्ठे गोळा केले.

"रविवारी विहारात डोळे मिटून मैत्रीभावना करतेस, तेव्हा नक्की कुणाची टाकी फुटताना दिसते?"

त्याला आज भाकरी गार मिळाली.

१८ ऑगस्ट, सोमवार

कामशेतला हौशीरामकडे. आईच्या गावचा, वडिवळ्याचा. ट्रॉल्या, फाटकं, पाण्याच्या टाक्या, सगळं जोडतो. माझी गाडीही दहा वर्षं तोच बघतो. टाकी बघून डोकं खाजवत बसला.

"ताई, ही कुटं बसवायची? हितं तर स्टेपनी हाय."

"स्टेपनी काढ. मागच्या दारावर लाव."

"मग दार उगडाया दोन मानसं लागतील."

"लागू देत."

"आन भरल्याव सव्वाशे किलो वजन. गाडीचं बूड बसंल."

म्हटलं, पन्नाशीनंतर बसतंच.

तो हसला नाही. त्याची बायको शालूबाई दारात लसूण सोलत होती, ती हसली. मग हौशीरामने खाली आडवं होऊन टेपने सगळं मोजलं. पत्र्याच्या तुकड्यावर खडूने चित्र काढलं. पट्टे नवे लागतील, भरायची नळी लांबवावी लागेल, हवा सुटायला वेगळी नळी, तळाला निचऱ्याचा नळ. आरटीओचा अर्ज मी आधीच केलाय, तेही सांगितलं. "पर गौरी-गनपती झाल्याबिगर हात लावनार न्हाई." आज अठरा! म्हटलं, माझा सूड खोळंबलाय. तर म्हणतो, "खोळंबू द्या की. त्यो काय नासतोय?"

२३ ऑगस्ट

दोरी घेतली. लाल, जाडजूड, आठ टन ओढणारी. दुकानदार म्हणाला, "स्वतःसाठी?"

"नाही. भेट द्यायचीय."

वाक्यंही लिहून बघितली. "राजेंद्रराव, भरायला विसरलात?" बरं आहे, पण त्याचंच वाक्य त्याला परत, त्यात माझं काय? "दोरी हवी का, कॅन आहे?" हे जरा जमतंय. आवाज गोड ठेवायचा. व्हिडिओ मी काढणार नाही. पप्पूकडूनच काढून घेणार.

२७ ऑगस्ट

सोसायटीत गणपती. राजेंद्र आरतीला समोरच उभा. नमस्कार केला त्याने, मान हलवली. मी मोदकाकडे बघितलं.

४ सप्टेंबर, गुरुवार

आज टाकी खाली उतरली.

हौशीरामने जुनं डिझेल दुधाच्या कॅनमध्ये काढून घेतलं, खाली जॅक लावला, पट्टे सोडले, हळूहळू टाकी जमिनीवर. मग पाण्याने धुतली. दहा वर्षांचा चिखल गेला आणि मागच्या कोपऱ्यात, तळाशी, मुठीएवढा पोचा निघाला. पोच्यात बोटभर चीर. चिरेवर काहीतरी थापलेलं.

हौशीरामने नखाने खरवडलं. वर एम-सील, टणक झालेलं. त्याखाली कापडाची पट्टी. त्याखाली पिवळं, मऊ.

"ताई, हे कुनी केलं?"

"काय आहे?"

शालूबाईने वाकून वास घेतला. "कापडं धुयाची वडी. आमी ट्रॅक्टरची टाकी गळली की हेच लावतो. डिझेलला साबन विरगळत न्हाई."

"लय मन लावून केलंय," हौशीराम म्हणाला. "घाईत केलंय, पर मन लावून."

मी पट्टी हातात घेतली. निळी चौकट. हा रुमाल मी ओळखते. वीस वर्षं राजेंद्र याच रुमालाने कपाळ पुसतोय, त्याची बायको सविता त्याला डझनाने आणून देते.

राजेंद्र माझ्या गाडीखाली शिरला होता!

५ सप्टेंबर

झोप नाही. सगळं जुळतंय. त्याने टाकी फोडली. एकदम फोडली तर मनालीतच कळलं असतं, म्हणून वर साबण, म्हणजे थोडं थोडं गळेल आणि बरोबर खिंडीखाली संपेल. मग हा दोरी घेऊन हजर! म्होरक्या, तारणहार!

हौशीरामला फोन करून सांगितलं.

"ताई, भोक पाडनारा साबन कशाला लावंल?"

"म्हणूनच तर लावला. डोकं आहे त्याला."

"आन भोक पाडायचं तर खिळा ठोकंल की. हा दगडाचा मार हाय. खालून लागलाय."

"दगडाने मारलं असेल."

"व्हय, व्हय," हौशीराम म्हणाला. असं "व्हय, व्हय" लोक तापलेल्या माणसाला म्हणतात.

जुनी टाकी घरी आणली. बाल्कनीत, कुंड्यांच्या शेजारी. वर कागद चिकटवला: पुरावा. प्रदीप म्हणाला, "पोलिसांना बोलावू का, का आधी तुळशीला पाणी घालू?"

७ सप्टेंबर, रविवार

नवी टाकी बसली!

शेवटचा प्रकार बघण्यासारखा होता. काटा जुन्या टाकीच्या हिशेबाने बोलतो, नवीचं त्याला काय कळणार? म्हणून हौशीरामने दहा-दहा लिटरचं माप ओतलं, दोन मापं झाली की काटा जिथे थांबला तिथे काचेवर ठिपका. ठिपका शालूबाईच्या लाल नेलपॉलिशचा. "लेकीच्या लग्नातली हाय, उरलीवती." असे सहा ठिपके, वर दहा लिटर. एक ठिपका म्हणजे वीस लिटर. माझा सूड आता नेलपॉलिशने मोजला जाणार. हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मी बाजूला उभी राहिले, खोबरं खाल्लं.

मग तिकोणा पेठेपर्यंत फेरी. धरणाच्या कडेने, चढावर, खड्ड्यांतून. मागचं बूड जड, गाडी भरल्या पोटाच्या माणसासारखी सावकाश वळते. पण काटा हलत नाही! चढलो, उतरलो, काटा तिथेच! गाडीत एकटीच हसले.

येताना मुद्दाम लोणावळ्याच्या त्याच पंपावर, टाकी काठोकाठ करायला. नळी अर्थातच पोचली नाही. पण तो माणूस खाली वाकून टाकी बघत राहिला. "मॅडम, टँकर घेतला का?"

"हो. आता दोरीवाली नाही म्हणायचं."

"मग काय, टँकरवाली?"

चालेल.

८ सप्टेंबर

ग्रुपवर लिहिलं: "चौदा तारखेच्या बैठकीत मला एक वस्तू दाखवायची आहे. गेल्या वर्षी काय घडलं ते सर्वांना कळेल. सर्वांनी यावं." अकरा अंगठे आले. एक राजेंद्रचा. खाली "नक्की" असंही.

नक्की! चौदा तारखेनंतर हा माणूस या ग्रुपचा म्होरक्या नसेल. वीस वर्षांचा मित्रही नसेल, पण तो तसा आधीच नाही.

१० सप्टेंबर

भाषण तयार. चार पानं. पान दोनवर टाळ्या पडतील.

१३ सप्टेंबर, शनिवार

लेक मानसी आली नाशिकहून. स्पितीसारखीच लडाखलाही ती माझ्याबरोबर येणार, म्हणून सुट्टी जोडून. बॅग टाकली, चहा घेतला, बाल्कनीत गेली. मी आतून भाषण वाचून दाखवत होते. पान तीनवर होते, रुमालावर. बाहेरून काहीच आवाज येईना.

गेले बघायला. ती टाकीजवळ खाली बसलेली. बोट साबणावर.

"आई… हा अजून टिकलाय?"

अजून!

मी कागद खाली ठेवले. ती माझ्याकडे न बघता बोलत होती. मोडके-तोडके तिचेच शब्द लिहिते.

"स्पितीच्या वाटेवर, छत्रूला तुझं डोकं दुखत होतं. तू मागे झोपलीस. म्हणालीस चालव, पण नाल्यात नको, नाला आला की उठव. मी नाही उठवलं. वाटलं, जमेल. दगड लागला. मोठा आवाज झाला, तू कूस बदललीस फक्त."

राजेंद्र सर्वांत मागच्या गाडीत. त्याला रस्त्यावर ओली रेघ दिसली. पुढे खिंडीखाली, बातलच्या ढाब्यावर बाकीचे चहाला गेले, मी मागच्या सीटवर झोपलेली, आणि हा गाडीखाली. ढाब्यावरच्या बाईकडून साबणाची वडी मागून आणली. रुमाल दातांनी फाडला.

"मी रडत होते. काका म्हणाले, आईला सांगू नकोस. तुला जन्मात पुन्हा स्टेअरिंगला हात लावू देणार नाही ती."

हे मात्र खरं आहे. नसता लावू दिला.

"मग त्यांनी त्यांचा कॅन आपल्या टाकीत ओतला. सगळा. बातलपासून तू चालवायला घेतलंस. साबण चढावर सुटला बहुतेक. तू सगळ्यांसमोर विचारलंस, डिझेल गेलं कुठे. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणून मान हलवली. मग ते म्हणाले, विसरल्या असतील."

म्हणून कॅन रिकामा. म्हणून दोरी. पप्पूची गाडी पेट्रोलची, बाकीच्यांकडे कॅन नाही, आणि ज्याच्याकडे डिझेल होतं त्याने ते आधीच मला दिलेलं. संध्याकाळी मुक्कामी पोचल्यावर पुन्हा खाली शिरून साबण दाबला, वर एम-सील लावलं. चौदा महिने माझी गाडी त्याच्या रुमालावर चालली.

"मग सांगितलं का नाहीस इतके दिवस?"

"तुझा पहिला लेख आला तेव्हाच काकांना फोन केला. म्हटलं, सांगते आता. ते म्हणाले, राहू दे गं. फार चांगलं लिहितेय."

भाषणाची चार पानं उचलली, रद्दीत टाकली.

मानसी म्हणाली, "आई, रागव की." रागावले नाही. साठ लिटरची रिकामी टाकी आणि मी, दोघी बाल्कनीत बसून राहिलो. बाहेर रिक्षा गेली एक. कॅनशेठ म्हणणाऱ्यांपैकी कुणाची असेल.

"दोरीवाल्या मॅडम" हे राजेंद्रच्या तोंडून एकदा तरी ऐकलंय का, ते आठवून बघितलं. पुन्हा बघितलं.

नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

सोसायटीच्या हॉलमध्ये बैठक. झाडून सगळे आले. वस्तूचं आकर्षण! पप्पू पुढच्या खुर्चीत, फोन काढून तयार. राजेंद्र नकाशा लावत होता. वळून म्हणाला, "आधी यशोधराताईंचं होऊ दे." आवाजात काहीही नव्हतं. माझ्या पिशवीकडेही बघितलं नाही. आज आपल्याला काय म्हटलं जाणार याची त्याला कल्पना नसेल? असणार. उभा राहिला तरी.

उठले. चार पानं घरी, रद्दीत. पाकिटात मनालीची पावती होती, ती बोटांना लागली. तिथेच ठेवली.

म्हटलं, "गेल्या वर्षी मी डिझेल भरायला विसरले होते. राजेंद्र म्हणाला ते बरोबर होतं. आणि त्याच्या कॅनबद्दल मी जे लिहिलं ते चूक होतं. पुढच्या अंकात तसं छापून येईल. एवढंच."

पप्पू म्हणाला, "आणि वस्तू? मॅडम, वस्तू कुठंय?"

"ही काय. समोर उभी आहे."

हसले सगळे. हसू देत. मागे मानसी खाली बघत होती. राजेंद्रने चहाचा कप उचलला, तो रिकामा होता, तरी प्यायला. मग खिशातून रुमाल काढला. निळी चौकट. कपाळ पुसलं आणि नकाशाकडे वळला.

"गाड्यांचा क्रम. एक नंबर पप्पू. बाकीचे ठरल्याप्रमाणे. शेवटी मी. माझ्या पुढे यशोधराताई. त्यांची टाकी मोठी आहे. कुणाचं डिझेल संपलं तर कॅन शोधत बसू नका, त्यांच्याकडून घ्या."

म्हणजे माझा सगळा सूड आता ग्रुपचा राखीव साठा!

पप्पू म्हणाला, "आणि मॅडमचंच संपलं तर?"

"नाही संपणार," राजेंद्र म्हणाला. "या वेळी भरलंय त्यांनी. हो ना?"

म्हटलं, "हो."

चौदा महिन्यांतला त्याच्याशी बोललेला पहिला शब्द.

१५ सप्टेंबर

सकाळी सहाला खाली उतरले. नव्या टाकीच्या निचऱ्याच्या नळाखाली कॅन धरला. वीस लिटर. राजेंद्रच्या दाराशी नेऊन ठेवला. चिठ्ठी लिहिली नाही, माझ्या चिठ्ठ्या लांबतात. झाकणावर पिवळ्या साबणाची नवी वडी ठेवली, कागदासकट. बेल वाजवली नाही.

परत येऊन किल्ली फिरवून बघितली. काटा शालूबाईच्या एका ठिपक्याने खाली आलाय. किल्ली तशीच मानसीच्या उशाशी ठेवली.

टाकीत आता एकशे दहा.